फ्रेंच बाईचे दात आणि आमची खाला

आमच्या घरात एक फ्रेंच बाई राहते, असं माझा नवरा नव्या पाहुण्यांना सांगतो. पाहुणे दचकून आतल्या खोलीकडे बघायला लागले की तो हॉलच्या भिंतीकडे बोट दाखवतो. "ही माझी सवत. म्हणजे हिची नव्हे, माझीच. माझ्यापेक्षा हिच्यावर जीव जास्त आहे बाईसाहेबांचा." विनोद वीस वेळा झाला असेल, पण त्याला कोण सांगणार! इथं सौदीत रास अल खैरच्या प्लँटवर दिवसभर समुद्राचं पाणी गोडं करून येतो बिचारा, घरी येऊन बोलणंही गोड करायला जातो आणि ते काही जमत नाही.

भिंतीवर आहे ते एका चित्राचं छापील पान. माझ्या लग्नाआधीपासून माझ्याकडे आहे. नाशिकला चित्रकलेचा डिप्लोमा करत होते तेव्हा आमच्या सरांनी वर्गात दाखवलेलं चित्र. अठराव्या शतकातली एक फ्रेंच चित्रकार बाई, तिनं स्वतःचंच काढलेलं. मांडीवर लहानगी मुलगी, आणि बाई हसतेय. हसतेय म्हणजे ओठ किंचित उघडे आणि मधून पांढऱ्या दातांची एक बारीक रेघ. बास, एवढंच. सर म्हणाले, हे चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं तेव्हा जाणकार मंडळींनी नाकं मुरडली. दात दाखवायचे ते दारुड्यांनी, वेड्यांनी, नाहीतर रस्त्यावरच्या गरिबांनी. चांगल्या घरच्या बाईनं, तेही स्वतःच्या चित्रात? शिव शिव! त्या दिवशी मी ठरवलं की ही आपली बाई.

तिचे वडीलही चित्रकार होते. रंगीत खडूंनी लोकांचे चेहरे काढायचे. ते गेले तेव्हा ही अवघी बारा वर्षांची. पुढं तिनं स्वतःच्या हिमतीवर राणीपर्यंत मजल मारली, राणीची चित्रं काढली, एकदा नाही, पुष्कळदा. मग तिकडे क्रांती झाली. राणीच्या माणसांचं काही खरं नव्हतं. ही बाई मजूर बाईचे कपडे घालून, मुलीला घेऊन रात्रीच्या घोडागाडीत बसली आणि देश सोडून गेली. रोम, व्हिएन्ना, पार रशिया. बारा वर्षं परमुलखात, परक्या भाषांत, परक्या लोकांचे चेहरे काढत राहिली. जुबैलला आल्यावर पहिल्या वर्षी मी एकटी पडले की तिच्याकडे बघून म्हणायचे, तुझं बरं होतं गं बाई, तुझ्याकडे निदान काम होतं.

कारण माझं चित्र काढणं इथं येऊन बंदच पडलं होतं. मुलांच्या शाळेचे तक्ते काढले, वार्षिक संमेलनाचे पडदे रंगवले. एकदा शाळेच्या पडद्यावर आंब्याचं झाड काढलं तर माझी मुलगी म्हणाली, "मम्मा, धिस लुक्स लाइक ब्रोकोली." हे माझं कलाजीवन.

आणखी एक गोष्ट आताच सांगून टाकते, कारण तिच्यामुळेच पुढचा घोळ झाला. माझ्या वडिलांचा नाशकात फोटो स्टुडिओ होता. काळ्यापांढऱ्या फोटोंच्या काळातला. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलनं हात मारून चेहरा सुधारायचं काम ते करायचे आणि दहावीपासून मीही करायचे. देवीचे व्रण काढायचे, डोळ्यांखालचं काळं काढायचं, सावळी मुलगी गव्हाळ करायची, गव्हाळ असेल तर गोरी. आमच्या स्टुडिओतून कुणीही काळं बाहेर पडलं नाही. वडील म्हणायचे, गिऱ्हाईक आरशातला चेहरा घेऊन येतं आणि मनातला चेहरा घेऊन जातं. निम्म्या नाशकातली लग्नं आम्ही जमवली, असं ते अभिमानानं सांगत. लग्नानंतर काय होत असेल ते आम्ही कधी विचारलं नाही.

आता खालाबद्दल. आमच्या समोरच्या दारात रत्नागिरीकडचं एक कोकणी मुसलमान कुटुंब राहतं. माझी शेजारीण माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. तिची सासू म्हणजे आमची खाला, मावशी म्हणा. चाळीस वर्षांपूर्वी नवऱ्यामागून सौदीला आलेली. आधी मदिनेला त्यांचं अत्तर आणि टोप्यांचं दुकान होतं. नवरा गेल्यावर मुलाकडे जुबैलला आली. मला ती "बाय" म्हणते आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते. मी नाशिकची, मासे कुठले खाल्लेले! तिनंच मला खायला शिकवले.

खाला हसरी. पण हसली की उजवा हात झटकन तोंडावर. इतका झटकन की मी सोळा वर्षांत तिचं हसणं ऐकलंय, बघितलं कधीच नाही. तिचे पुढचे दोन दात बाहेर आलेले, त्यातला एक दुसऱ्यावर चढलेला. नवी नवरी म्हणून घरात आली तेव्हा कुणी चुलत सासू म्हणाली होती, "दात आधी आत आले, सून मागनं आली." सगळं घर खदखदलं. तेव्हापासून हात जो वर गेला तो गेला. घरातल्या फोनमध्ये तिचे पन्नासेक फोटो असतील. ईदचे, नातवंडांच्या वाढदिवसाचे. सगळ्यांत तळहात आणि वर हसणारे डोळे. बिनहाताचा एकच फोटो, इकाम्यावरचा, म्हणजे इथल्या रहिवासी ओळखपत्रावरचा. त्यात ती पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसते.

गेल्या हिवाळ्यात तिच्या कानाखाली गाठ आली. तपासण्या झाल्या. गाठ साधी निघाली, पण वाढत होती, काढायलाच हवी. दम्मामच्या डॉक्टरांनी मुलाला बसवून समजावलं की चेहरा हलवणारी नस त्या गाठीतूनच जाते. जपून काढू, पण नसेला धक्का लागला तर तोंडाची एक बाजू लुळी पडेल. काही दिवस, काही महिने, कदाचित कायमची. ऑपरेशनला बारा दिवस होते.

त्या संध्याकाळी शेजारीण माझ्याकडे आली. चहा घेतला नाही. फ्रेंच बाईच्या चित्राखाली बसली आणि म्हणाली, "ताई, अम्मीचं चित्र काढाल? हसतानाचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांनी मला लेकीसारखं सांभाळलं, आणि मी त्यांचं हसू एकदाही पूर्ण बघितलं नाही. आता तेच गेलं तर?" असं म्हणून ती रडायला लागली. मी हो म्हणून बसले.

खालाला पटवायला चार दिवस गेले. फोटो नको म्हणणारी बाई चित्राला का तयार झाली, कोण जाणे. बहुतेक सुनेचं मन राखायला. "काढ गो बाय, पण भिंतीवर नाय लावायचा," एवढी एकच अट घातली. मी कागद आणले, जलरंग आणले, दुकानातल्या मल्याळी माणसाशी ब्रशवरून भांडले. सोळा वर्षांनी खऱ्या चित्रासाठी ब्रश हातात घेत होते.

सलग चार दिवस सकाळी खाला माझ्यासमोर बसली. नवा कोरा ड्रेस, इस्त्री केलेली ओढणी, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि तोंड इकाम्यावरच्या फोटोसारखं. मी म्हणायचे, "खाला, हसा ना." ती म्हणायची, "कशाक?" बरोबरच होतं, हुकमावर कोण हसतं? मग मी माझ्या डोक्यानं हसू काढलं. ओठ मिटलेले, कोपरे जरासे वर. दात काढायचा प्रश्नच आला नाही. म्हटलं, बाईनं जन्मभर जे लपवलं ते मी कशाला चव्हाट्यावर मांडू? मग वाटलं, गालावरचा तीळ जरा मोठाच आहे. मग कपाळावरच्या आठ्या. मग रंग. माझ्या हातानं कधी तिला दोन छटा उजळ केली, मला खरंच कळलं नाही. चित्र पुरं झालं तेव्हा मी खूश होते. अगदी सुबक झालं होतं.

खालानं चष्मा लावून चित्र बघितलं. वरून खाली, खालून वर. मग म्हणाली, "मस्त हाय. कोण ही?"

मी हसले. ती हसली नाही. "पोरगी बरी दिसतेय. लगीन झाला काय हिचा?"

शेजारीण मात्र चित्राकडे बघत उभीच राहिली. आवाज अजिबात न चढवता म्हणाली, "ताई, सगळ्या फोटोंत त्यांचा स्वतःचा हात आहे. इथे तुम्ही तुमचा ठेवलात."

चपराक बसली. घरी आले, दार लावलं आणि आधी शेजारणीवर चिडले. फुकटात चित्र काढून द्या, वर बोलणी खा! मग फ्रेंच बाईवर चिडले. तिलाच म्हटलं, तू तरी कुठे मोठी सत्यवादी लागून गेलीस? राणीचा जबडा तू चित्रात किती मऊ केलास ते सगळ्यांना ठाऊक आहे. स्वतःच्या चित्रांतही वयापेक्षा लहानच दिसतेस. ती आपली हसतच होती. संध्याकाळपर्यंत माझा राग उतरला आणि नुसती लाज उरली. सून माझ्याकडे जे एक मागायला आली होती, तेवढंच मी पुसून टाकलं होतं. आणि ऑपरेशनला आता तीन दिवस उरले होते.

मग मला सरांनी सांगितलेलं आठवलं. ही बाई समोरच्या माणसाला गप्प बसवून ठेवत नसे. त्यांच्याशी गप्पा मारायची, कधी गायचीसुद्धा. केसांना पावडर फासून आलेल्या बायकांना म्हणायची की पावडर नको, केस मोकळे असू द्या. माणूस आपल्या कामात, आपल्या बोलण्यात रमला की खरा चेहरा वर येतो, हे तिला कळलं होतं. आणि मी काय केलं होतं? इस्त्रीच्या ओढणीत बसवून "हसा" म्हणाले होते.

माझ्याकडे खडूंची एक जुनी पेटी होती. मऊ रंगीत खडू, बोट लागलं तरी पुसले जाणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ती पेटी आणि एक करडा कागद घेऊन मी समोरचं दार वाजवलं. म्हटलं माफी तरी मागू.

खाला स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसली होती. समोर पाटीभर कोलंबी. मुलानं बाजारातून आणलेली, इथले लोक रुबियान म्हणतात ती, चांगली बोटभर लांब. "मी आठ दिवस हॉस्पिटलात. पोरं काय खातील? सोलून, मसाला लावून फ्रीजरात टाकतंय." घरातला जुना गाऊन, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या, ओढणी मागे गाठ मारून बांधलेली. डोकं मोडायचं, साल ओढायचं, पाठीतला काळा दोरा काढायचा. हात इतके सराईत की बघत राहावं. खिडकीतून ऊन थेट तिच्या गालावर.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "अगो, चित्र चांगलाच होता. फक्त माझा नव्हता." मी समोर भिंतीला टेकून बसले, कागद मांडीवर घेतला आणि म्हटलं, "खाला, तुम्ही पहिल्यांदा इथे आलात तेव्हाचं काहीतरी सांगा ना."

तिनं मदिनेच्या कापड बाजारातली गोष्ट काढली. येऊन पंधरा दिवस झाले होते, अरबीचा एक शब्द येत नव्हता. नवरा बाहेर थांबलेला, ही दुकानात आत अबाया, बायकांचे ते काळे पायघोळ झगे, बघत होती. तेवढ्यात अजान झाली, नवरा मशिदीकडे गेला. यमनी दुकानदारानं आत कोणी नाही असं समजून शटर ओढलं आणि नमाजाला गेला. ही आत, अंधारात, स्वतःही काळ्या बुरख्यात, टांगलेल्या काळ्या अबायांच्या रांगेत. "मी पण तिथेच नमाज पढले. मग उभी राहिले. म्हटला, हलू नये, चोर समजतील." अर्ध्या तासानं शटर उघडलं. गिऱ्हाईक बाई दुकानदारासोबतच आत आली. तिला दाखवायला म्हणून त्यानं रांगेतली एक अबाया खांद्याला धरून पुढे ओढली, आणि अबाया म्हणाली, "सलाम आलेकुम."

"तो जो पळाला गो! चपला पण तिथेच!"

आणि खाला हसली. सवयीनं हात वर निघाला. हनुवटीपर्यंत आला आणि थांबला, कारण बोटांत सोललेली कोलंबी आणि मनगटापर्यंत चिकट पाणी. "ई!" म्हणून तिनं हाताकडे बघितलं, आणि मग तर तिला आवरेचना. तोंड उघडं, दोन्ही दात बाहेर, एकावर एक चढलेले, डोळ्यांत पाणी, मान मागे. तिनं कोपर वर न्यायचा प्रयत्न केला, तेही जमलं नाही. सून दारात येऊन उभी होती. दाराची चौकट घट्ट धरून बघत राहिली.

मी काढत होते. मला आजही नीट आठवत नाही मी काय केलं. तपकिरी, गेरू, थोडा जांभळा. तीळ होता तिथेच ठेवला. दातांवर पांढरा खडू टेकवला. खाला आणखी गोष्टी सांगत राहिली, हसत राहिली, आणि पाटी रिकामी होईपर्यंत हात काही मोकळा झाला नाही. पाऊण तास लागला असेल.

घरी नेऊन जरा नीटनेटकं करून देते, असं माझ्या तोंडात आलं होतं. मी जीभ चावली. माझ्या हाताचा मला काडीचा भरवसा नव्हता. एक बोट फिरवलं असतं तरी आठ्या गेल्या असत्या. तिथेच सुनेच्या हातात कागद दिला आणि म्हटलं, "आजच काच लावून आण. मला परत दाखवूसुद्धा नको."

खालानं हात धुतले, चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"एवढे पुढे हायत?"

"हो खाला. आहेत."

"हं." चष्मा वर सरकवून पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "बरी दिसतंय की गो. उगाच चाळीस वर्षं हात दुखवला."

सून तिच्या गळ्यात पडली. मीही रडले, आता लपवून काय उपयोग.

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. नस तुटली नव्हती, पण ताणली गेली होती. डाव्या बाजूचा ओठ खाली आला, डोळा पुरता मिटेना, चहा पिताना कोपऱ्यातून ओघळ यायचा. सहा महिन्यांत फरक पडेल, व्यायाम करा, असं डॉक्टर म्हणाले. खाला घरी आली आणि खोलीत जाऊन बसली. भेटायला आलेल्यांना भेटेना. गावाकडच्या बहिणीचा फोन आला तरी घेईना. मी तीनदा गेले, तीनदा सून दारातूनच मान हलवून "आज नको" म्हणाली. चित्र कपाटात ठेवायला सांगितलंय, हेही तिनंच सांगितलं.

ते तीन आठवडे मी स्वतःला फार बोलले. म्हटलं, काय मिळवलंस? जन्मभर जे दाखवलं नाही ते दाखवायला लावलंस, आणि आठवड्यात ते गेलं. आता तो कागद म्हणजे तिला रोजचा टोमणा. फ्रेंच बाईचं चित्र मी एकदा भिंतीवरून उतरवायला निघाले होते. नवऱ्यानं अडवलं. "तिनं काय केलंय?" म्हणाला. त्या दिवशी त्यानं विनोद केला नाही.

मग एका सकाळी, मुलांची बस गेल्यावर, बेल वाजली. दारात खाला. एकटी. घरातला गाऊन, चेहरा तसाच, एका बाजूला ओढलेला. चार पावलांचा व्हरांडा ओलांडून आली होती, पण धाप लागल्यासारखी उभी होती. मला बाजूला सारून आत आली, खिडकीजवळची खुर्ची स्वतःच ओढली आणि उजेडाकडे तोंड करून बसली.

"खडू आण."

"कशाला खाला?"

"हिचा काढ आता." तिनं स्वतःच्या गालाला बोट लावलं. बोलताना शब्द एका बाजूनं निसटत होते, पण कळत होते. "तो कपाटातला काल बाहेर काढायला सांगितला. सुनेनं लावला भिंतीवर. पण पोरांनी येऊन बघितला तर म्हणतील, आजी ती, मग ही कोण खोलीत बसलेली? ही पण मीच ना?"

माझ्या फ्रेंच बाईनं एवढी हिंमत कधी केली नसती. आणि मी नेमकं चुकीचंच बोलले. शेवटी स्टुडिओवाल्याची मुलगी.

"खाला, थोडं थांबू या का? डॉक्टर म्हणालेत सहा महिन्यांत बरं होईल."

"मग सहा महिन्यांनी तिसरा काढ," खाला म्हणाली. "यल्ला, चल, बस आता."